कर्नल, प्लंबर आणि मी

आता आम्ही राहतो त्या कॅरी गावच्या मराठी मंडळात ओळखी करून द्यायची वेळ आली की सगळ्यांची उत्तरं साधारण एकाच साच्यातली असतात. कुणी सॉफ्टवेअरमध्ये, कुणी फार्मामध्ये, कुणी लेऑफमधून सावरून परत सॉफ्टवेअरमध्ये. मग कुणीतरी मला विचारतं, "काकू, तुम्ही रिटायर व्हायच्या आधी काय करायचात?" मी सांगते, "एका कर्नलच्या घरी होते." कर्नलकडे मुलं सांभाळायला होते की स्वयंपाकाला, हे विचारावं की नाही अशा पेचात समोरच्याला थोडा वेळ ठेवून मग मी उलगडा करते. कर्नलसाहेबांना जाऊन तेव्हा जवळजवळ दोनशे वर्षं झाली होती. त्यांचं घर बघायला येणाऱ्या लोकांना मी ते हिंडवून दाखवायचे. म्हणजे गाइड होते.

बॉस्टनच्या उत्तरेला, नदी समुद्राला मिळते त्या तोंडाशी आमचं गाव होतं. ह्यांची नोकरी जवळच्याच एका कॉम्प्युटर कंपनीत. मी सांगलीची. तिथल्या मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत होते ते सोडून इकडे आले. आमची आदिती शाळेत जायला लागली आणि दिवसभर घर खायला उठायचं. ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात गावच्या लायब्ररीत एक जाहिरात चिकटवलेली दिसली. कर्नल जॉब स्टॅनविक यांच्या घरासाठी गाइड हवेत, इतिहासाची आवड हवी आणि जिने चढता यायला हवेत. आवड होती, गुडघे त्या वेळी शाबूत होते. गेले.

घराचा कारभार मिसेस डोन नावाच्या बाईंकडे होता. सत्तरीच्या, ताठ कण्याच्या, अंगात कायम नवऱ्याचं जुनं स्वेटर. त्यांनी माझी पदवी विचारली नाही, की कुठल्या देशाची ते विचारलं नाही. म्हणाल्या, "तुम्हांला मोठ्याने बोलता येतं का?"

"भरलेल्या वर्गावर शिकवलंय," मी म्हटलं. "शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जायचं."

"मग सोमवारी या."

पहिल्याच आठवड्यात ओहायोहून आलेले एक गृहस्थ दारात उभे राहून मला म्हणाले, "गाइड कधी येणार आहे?" मी साडीत होते. म्हटलं, "मीच गाइड." त्यांनी माझ्या डोक्यावरून मागे मिसेस डोनकडे पाहिलं. "नाही, म्हणजे, खरा गाइड?" मिसेस डोननी तिकिटांवरची नजरसुद्धा वर केली नाही. "कर्नल वारल्यापासून माणसं निवडायचं काम माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "आणि टूर आता सुरू होतेय." गृहस्थ मुकाट्याने आत आले. जाताना त्यांनी माझ्या हातात हात दिला, आणि नंतर ओहायोहून घराला एक सुंदर कार्डही पाठवलं.

गाइडचं काम म्हणजे पाठ केलेलं म्हणून दाखवणं, असं बाहेरून वाटतं. पाठांतर लागतंच, पण खरं काम असतं लोकांच्या पायांकडे बघण्याचं. ऐकणाऱ्याचे बूट आपल्या दिशेने असतील तर बोलत राहावं, दाराकडे वळले की पुढच्या खोलीत जावं. आपण कधी खिडकीसमोर उभं राहू नये, लोक आपल्याला सोडून नदी बघत बसतात. पलंग पाहून प्रत्येक जण विचारणारच की त्या काळी माणसं बुटकी होती का. नव्हती. पलंग उंच आणि पडद्यांचा असल्यामुळे आखूड भासतो. घरात भूत आहे का, हेही विचारणारच. आणि लहान मुलांना फक्त एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे कर्नल संडासला कुठे जायचे.

मिसेस डोनचा नियम एकच होता. जे माहीत आहे ते ठामपणे सांगा, आणि जे माहीत नाही ते 'माहीत नाही' असं त्याहून ठामपणे सांगा. सांगलीच्या शाळेत मला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिथे बाईंना सगळं माहीत असायचं.

तर कर्नलबद्दल जे माहीत होतं ते असं.

जॉब स्टॅनविक हा लाकडं चिरणाऱ्या एका गरीब माणसाचा मुलगा. लहानपणीच पोरका झाला आणि जहाजं बांधणाऱ्या सुताराच्या हाताखाली लागला. त्या नदीच्या काठी ओक आणि पाइनची जंगलं होती. जहाज काठावरच, उघड्यावर उभं करायचं. आधी ओकचा कणा, मग त्यावर बरगड्या, मग फळ्या. फळ्यांच्या फटींमध्ये डांबरात भिजवलेले दोर ठोकून बसवायचे म्हणजे पाणी आत येत नाही. मग पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाची वाट बघायची आणि पाणी चढलं की ओंडके काढून जहाज नदीत सोडून द्यायचं. जॉब तिशीत आला तोवर त्याचा स्वतःचा कारखाना होता आणि त्याची जहाजं इंग्लंडमधले व्यापारी घेत होते.

हा माणूस राजकारणात कसा शिरला, हे सांगताना मला नेहमी मजा यायची. कारखान्याच्या खालच्या अंगाला, समुद्राच्या बाजूला, नदीवर पूल बांधायचं घाटत होतं. पूल झाला असता तर ह्याच्या डोलकाठ्या त्याखालून जाणार नव्हत्या आणि प्रत्येक जहाज नदीतच अडकून पडलं असतं. म्हणून हे महाशय प्रांताच्या विधानसभेसाठी उभे राहिले आणि निवडून आले. भांडून भांडून त्यांनी मधोमध उघडणारा पूल मंजूर करून घेतला. काम झालं होतं, घरी यायला हरकत नव्हती. पण बहुधा गोडी लागली असावी. पुढे पुष्कळ वर्षं ते तिथेच बसले. हे मी सांगितलं की सगळ्या देशांतले लोक हसायचे.

त्या काळी गावातल्या शेतकऱ्या-सुतारांचीच फौज असायची, तिला मिलिशिया म्हणत. जहाजाच्या कामावर शंभर हातांकडून एका वेळी ओंडका उचलून घेणारा माणूस फौजेतही चालेल, असं लोकांना वाटलं आणि त्यांनी जॉबला कॅप्टन केलं. उत्तरेला फ्रेंचांशी लढून तो एका पायाने अधू होऊन परतला. मग गव्हर्नरने इंग्लंडच्या राजाच्या नावाची सनद देऊन त्याला कर्नल केलं. त्याने राजाशी एकनिष्ठ राहायची शपथ घेतली.

आणि मग वसाहतींचं राजाशी बिनसलं.

गावाला वाटलं, कर्नल आपल्या बाजूने उभा राहील. कर्नल गप्प राहिला. शपथ घेतलेली, सनद घेतलेली, सगळी गिऱ्हाइकं इंग्लंडमधली. लोकांनी त्याच्या दारावर चिखल फेकला, कारागिरांनी काम सोडलं. बरेच महिने असे गेले. एक दिवस तो लंगडत गावसभेत आला, सनद टेबलावर ठेवली आणि तिच्यातून मोकळा झाला. इंग्लंडचा व्यापार तुटला. काठावर अर्धवट उभं असलेलं जहाज कुणी घेतलं नाही, ते तिथेच कुजलं. त्यानंतर त्याने एकही जहाज पाण्यात सोडलं नाही.

कर्नल त्या दिवशी सभेत काय बोलला हे कुणालाच माहीत नाही. सनद ठेवली, एवढंच माहीत आहे. पण दर जुलैत गावच्या हिरवळीवर तो प्रसंग करून दाखवायची पद्धत होती, आणि त्यासाठी गावातल्या एका हेडमास्तरांनी फार पूर्वी कर्नलच्या तोंडी एक भाषण लिहून ठेवलं होतं. चांगलं लिहिलं होतं, राजापासून स्वातंत्र्य मागणारं. कर्नलचं काम करायचा वॉल्टर.

वॉल्टर गावातला प्लंबर. अंगाने दांडगा, दाढी विस्कटलेली, हातात कायम सिगारेट. त्याची माझी ओळख एका जानेवारीत झाली, घर बंद असताना दिवाणखान्यावरचा पाइप गारठ्याने फुटला तेव्हा. मिसेस डोन, वॉल्टर आणि मी, आम्ही तिघांनी कर्नलच्या खुर्च्या, टेबलं, घड्याळ सगळं उचलून बाहेर बर्फात नेऊन ठेवलं. छतातून पाणी गळतंय, मिसेस डोन स्वेटरने कर्नलचं चित्र झाकून उभ्या आहेत आणि वॉल्टर शिडीवरून, सभ्य लेखात लिहिता येणार नाही असं इंग्रजी बोलतोय. पाणी थांबल्यावर मी थर्मासमधला चहा त्याला दिला. आल्याचा होता. तो म्हणाला, "ह्यात काय घातलंयस? मेलेला माणूस उठेल." त्यानंतर आमच्या घराचा हीटर बिघडला की वॉल्टर यायचा आणि साबुदाण्याची खिचडी खाऊन जायचा. तिला तो 'ते पांढरे मणी' म्हणायचा.

माझं शैलजा हे नाव त्याच्या जिभेवर 'शायला' व्हायचं. आणि प्रत्येक भेटीत त्याचा एक प्रश्न ठरलेला. "शायला, तू आमच्यातली कधी होणार?"

ह्यांनी सिटिझनशिप घेतली होती. मी घेत नव्हते. तेव्हा आमच्या ओळखीत सगळीकडे हाच विषय असायचा. भावाला बोलावता येईल, मतदान करता येईल, विमानतळावर लाइन छोटी. हे म्हणायचे, "अगं, एक सही आणि एक शपथ. त्याने काय सांगली पुसली जाणारे का?" आदिती म्हणायची, "आई, इट्स जस्ट अ पीस ऑफ पेपर." पण मी ती शपथ वाचली होती. त्यात पहिलंच वाक्य आधीच्या देशाची निष्ठा पूर्णपणे सोडून देण्याचं आहे. ह्यांनी ते सहज म्हणून टाकलं असेल, माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. माझी आई सांगलीत एकटी होती. मी तिला काय सांगणार होते, की आजपासून मी तुमच्यातली नाही?

वॉल्टरला मी हे सांगितलं, तेव्हा त्याने चेष्टा केली नाही. म्हणाला, "कर्नललाही वेळ लागला होता. तू घे तुझा वेळ."

मधल्या काळात एक गोष्ट घडली, तिच्यामुळे कर्नलच्या घराची टूर बदलली. एका दुपारी शिकागोहून एक शिक्षिका वडिलांना घेऊन आली. काळी मंडळी. वडील काठी टेकत चालणारे, सूट घातलेले, फार कमी बोलणारे. मी स्वयंपाकघरात त्यांना चूल, पाव भाजायची भट्टी दाखवत होते. वडिलांनी छताकडे काठी केली. "ह्याच्यावर काय आहे?"

"माळा आहे," मी म्हटलं. "बंद असतो."

"तिथे कोण झोपायचं?"

मला उत्तर माहीत होतं. गावाच्या छापील इतिहासात ते होतं, ज्याला वाचायचं त्याने वाचावं. कर्नलकडे टायटस नावाचा एक गुलाम होता. जहाजांच्या फटी बुजवायचं काम त्या नदीवर त्याच्याइतकं चांगलं कुणाला येत नसे. ह्यात गुपित काहीच नव्हतं. फक्त आमच्या टूरमध्ये ते नव्हतं, कारण कुणी विचारत नसे. मी सांगितलं. म्हाताऱ्याने मान डोलावली आणि शांतपणे म्हणाला, "मग आधी तो माळा दाखवा. उरलेलं घर नंतर बघू." आणि तो अंगणातल्या बाकावर जाऊन बसला.

माळ्यावर घडीच्या खुर्च्या आणि ख्रिसमसची सजावट कोंबलेली होती. पाय ठेवायला जागा नव्हती. मुलीने माझी समजूत घातली, तिकिटाचं राहू द्या म्हणाली, आणि ते दोघं निघून गेले. मिसेस डोननी माळ्याच्या दारातून आत पाहिलं. मग म्हणाल्या, "शैलजा, खुर्च्या ठेवायला दुसरी जागा शोधायला हवी." आम्ही दोघींनी तो माळा झाडला. उतरत्या छपराखाली एक खिडकी होती, तिच्यातून थेट कारखान्याची जागा दिसत होती.

वॉल्टरला हे कळलं तेव्हा तो प्रथम वैतागला. "मी प्लंबर आहे, शायला. वर्षातून एकदा टोपी घालतो. आता मला कर्नलची पापं मोजायला लावू नका." पण त्या जुलैत भाषण संपल्यावर त्याने टोपी काढली आणि स्वतःच्या साध्या आवाजात म्हणाला, "त्या दिवशी ह्या माणसाच्या घरात टायटस नावाचा एक माणूस होता. हे भाषण त्याला लागू झालं नाही. कर्नलने त्याला सोडलं नाही. पुढे कोर्टांनी गुलामगिरीविरुद्ध निकाल दिले तेव्हा तो आपल्या पायांनी ह्या घरातून निघून गेला, आणि नदीच्या तोंडाशी त्याने स्वतःचं घर बांधलं." हिरवळीवर कुजबुज झाली, दोनचार जण उठून गेले. पुढच्या वर्षीही वॉल्टरने तेच केलं. मग ते भाषणाचाच भाग झालं.

ती शिक्षिका वडिलांना घेऊन पुन्हा आली. मी त्यांना माळा दाखवला. म्हाताऱ्याने जिना चढायला पुष्कळ वेळ घेतला. वरच्या खिडकीशी उभा राहून तो नदीकडे बघत होता, मी काहीही बोलले नाही. माझ्या नोकरीतली ती सगळ्यात चांगली टूर असावी. खाली आल्यावर तो म्हणाला, "हं. आता दाखवा तुमच्या कर्नलचं घर."

सत्याऐंशीच्या हिवाळ्यात वॉल्टरचा घसा बसला तो बसलाच. डॉक्टरांना कॅन्सर सापडला. जीव वाचला, पण आवाजाची पेटी काढून टाकावी लागली. आमच्या त्या नदीवर ज्याचा आवाज दुसऱ्या काठावर ऐकू जायचा, तो माणूस वसंतात माझ्या स्वयंपाकघरात बसून गळ्यापाशी रुमाल बांधून मुकाट्याने खिचडी खात होता. मिसेस डोननी त्याला घरातली एक जुनी दगडी पाटी दिली होती, मुलांना दाखवायला ठेवलेली. तिच्यावर तो खडूने लिहायचा आणि बाहीने पुसायचा.

जूनमध्ये, त्या प्रसंगात फौज होणाऱ्या मंडळींची सभा भरली. जुलैचं काय करायचं? बंदुका-ढोल घेऊन, लाल-निळे कोट घालून कवायत करणारी ही गावचीच माणसं. कुणी पोस्टात, कुणी हार्डवेअरच्या दुकानात. त्यांचा लेफ्टनंट एड म्हणाला की या वर्षी भाषण गाळू या. वॉल्टरने पाटीवर लिहिलं आणि सगळ्यांना दाखवलं. 'शायला बोलेल. तिला पाठ आहे.'

पाठ होतं हे खरं. इतकी वर्षं ऐकून ऐकून झालं होतं. पण मी खुर्चीतच आक्रसले. एड वाईट माणूस नव्हता. त्याने अगदी समजुतीच्या सुरात सांगितलं, "वॉल्ट, शायला आपल्याला सगळ्यांना आवडते. पण कर्नल बाई नव्हता. आणि, तुला माहितीये, तो इंडियाचाही नव्हता."

वॉल्टरने पाटी पुसली, लिहिलं, फिरवली. 'प्लंबरही नव्हता.'

आधी मिसेस डोन हसल्या. त्यांना मी क्वचित हसताना पाहिलं होतं. मग सगळेच हसले, एडसुद्धा.

तरी मी नाही म्हणत होते. वॉल्टर मला बाहेर अंगणात घेऊन गेला. त्याने फार वेळ घेऊन, सावकाश लिहिलं. 'मी समोर बसणार आहे. मला ते ऐकायचंय. माझ्या डोक्यातही आता माझा आवाज येत नाही.' मग मी हो म्हटलं. ह्यानंतर नाही म्हणणारं कुणी असेल तर मला माहीत नाही.

जुलैतल्या त्या शनिवारी सकाळी वॉल्टरचा कर्नलचा कोट माझ्या अंगावर चढवायला ह्यांना सगळ्या घरातल्या सेफ्टी पिना लागल्या. बाह्या आत दुमडल्या, पाठीला टाके घातले. आदिती जिन्यात बसून तोंडावर हात धरून हसत होती. "आई, यू लुक लाइक अ टेंट." हे मात्र एकदम गंभीर झाले होते. टोपी सरळ करून म्हणाले, "श्वास घेऊन बोल. घाई करू नकोस." लग्नात अंतरपाटामागे उभी होते तेव्हाही मी इतकी घाबरले नव्हते.

हिरवळ माणसांनी भरली होती. ढोल वाजला, फौज उभी राहिली, एडने मला सलाम केला. केला मनापासून, हे सांगायला हवं. मी लंगडत टेबलापाशी गेले. कुणीतरी हसलं, मग शांत झालं. वॉल्टर पहिल्या रांगेत घडीच्या खुर्चीवर, रुमाल बांधून, हात मांडीवर ठेवून बसला होता.

सुरुवात मी शाळेच्या आवाजात केली. शेवटच्या बाकापर्यंत. जहाजांचं झालं, पुलाचं झालं, फ्रेंचांशी लढाईचं झालं. मग ती वाक्यं आली, जी मी दर वर्षी वॉल्टरच्या तोंडून ऐकली होती आणि कधी माझी मानली नव्हती. 'ही शपथ मी पूर्ण मनाने घेतली होती. पूर्ण मनानेच ती आज खाली ठेवतो. ज्या माणसाने ती घेतली, त्याची मला लाज वाटत नाही.'

पहिलं वाक्य म्हटलं आणि आवाज गेला. हातात कागदाची सनद तशीच राहिली. हिरवळीवर सगळे थांबले होते. मला सांगलीची शाळा दिसली, प्रजासत्ताक दिनाला झेंड्याखाली उभ्या असलेल्या माझ्या मुली दिसल्या, त्यांच्यापुढे उभी असलेली मी दिसले. त्या बाईची मला काय म्हणून लाज वाटावी? ती चांगली बाई होती. तिने जे म्हटलं होतं ते मनापासून म्हटलं होतं. वॉल्टर पुढे वाकून माझ्याकडे बघत होता. मी श्वास घेतला आणि उरलेली वाक्यं म्हटली. सनद टेबलावर ठेवली. टोपी काढून टायटसचं सांगितलं, जसं वॉल्टर सांगायचा तसं, साध्या आवाजात.

टाळ्या खूप वाजल्या. वॉल्टर टाळ्या वाजवत नव्हता. तो उठून आला आणि त्याने मला, कोटासकट, पिनांसकट, उचलून घेतलं. एक पिन त्याला टोचली. एडची आई माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "हनी, कर्नल इतका छान कधीच बोलला नसेल." म्हातारीला कमी दिसायचं. मी कोण हे तिला कळलं होतं की नाही, मला अजून शंका आहे.

पुढच्या रविवारी आईला फोन लावला. तेव्हा तिच्याकडे फोन नव्हता, शेजारच्या जोगांकडे करायचा आणि त्यांनी तिला हाक मारेपर्यंत थांबायचं. ती धापा टाकत आली. मी इकडचं तिकडचं बोलले, मग सांगून टाकलं. "आई, मी इथली सिटिझनशिप घ्यायचं म्हणतेय. शपथ घ्यावी लागते. आपला देश सोडला असं म्हणावं लागतं." आणि मला रडू फुटलं.

फोनवर खरखर होत होती. मग आईचा आवाज आला, तिच्या नेहमीच्या कोरड्या सुरात.

"कुमुदची शैलजा झालीस तेव्हा रडलीस का?"

"अं?"

"लग्नात तुझं नाव बदललं, आडनाव बदललं, गोत्र बदललं. सगळ्या गावासमोर तांदळात लिहून बदललं. तेव्हा मी म्हटलं का, की आता तू माझी नाहीस? दर मे महिन्यात येतच होतीस की माहेरी. लोणचं नेतच होतीस."

मी पदराने नाक पुसलं.

"बायकांना ह्याची सवय असते," आई म्हणाली. "तुमच्या त्या कर्नलला नसेल. बरं, फोन ठेव आता, जोगवहिनींचं जेवण खोळंबलंय."

कर्नलबद्दल मी तिला पत्रांतून लिहीत असे. तिच्या लक्षात राहिला होता हे मला माहीत नव्हतं.

पुढल्या वर्षी वसंतात बॉस्टनला एका मोठ्या सभागृहात शपथ झाली. सगळ्या जगातली माणसं होती. माझ्या एका बाजूला एक पोर्तुगीज कोळी, दुसऱ्या बाजूला व्हिएतनामहून आलेली एक मुलगी कडेवर बाळ घेऊन. मी सांगलीचीच साडी नेसले होते. मागे बाल्कनीत हे, आदिती, मिसेस डोन आणि वॉल्टर बसले होते. वॉल्टरने आयुष्यात पहिल्यांदा टाय लावला असावा, तो त्याने गळ्यावरच्या रुमालावरूनच बांधला होता. त्याची तब्येत तेव्हा पुन्हा खालावली होती. घरी राहा म्हणून मी परोपरीने सांगितलं होतं. त्याने पाटीवर फक्त एक रेघ मारली होती, म्हणजे विषय संपला.

न्यायाधीशांनी सगळ्यांना उभं राहून उजवा हात वर करायला सांगितलं. ते एकेक तुकडा सांगणार, आम्ही मागून म्हणायचं. निष्ठा सोडण्याचं वाक्य आलं तसा आजूबाजूच्या सगळ्यांचा आवाज खाली गेला. कोळी पुटपुटत होता, मुलगी बाळाच्या डोक्यावर तोंड टेकवून म्हणत होती. मीही तिथेच अडले. मी मान वळवून बाल्कनीकडे पाहिलं.

वॉल्टर उभा होता. तिथे बाकी सगळे बसलेले, तो एकटाच कठडा धरून उभा, आणि त्याचा उजवा हात वर होता. त्या गावात जन्मलेला माणूस तो, त्याला ही शपथ घ्यायचं काय कारण? पण त्याचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण एकेक शब्द तो स्पष्ट म्हणत होता. मला एकटीला म्हणावं लागू नये म्हणून. हातातला शपथेचा कागद मी खाली केला, त्याच्या ओठांकडे बघत राहिले, आणि त्याच्याबरोबर सगळे शब्द मोठ्याने म्हटले.